पेटी घरातच राहिली

आमच्या वडिलांची एक पेटी होती. पेटी म्हणजे हार्मोनियम. जुन्या पॅरिस रीडची, सागवानी, आणि उचलताना दोन माणसांनी उचलावी इतकी वजनदार. गंगापूर-वैजापूरकडच्या खेड्यांतून वडील भजने शिकवीत हिंडत, तेव्हा ही पेटी गोधडीत गुंडाळून सायकलच्या कॅरियरवर सुतळीने बांधलेली असे. त्यांच्या पश्चात ती मुकुंदवाडीला आमच्याकडे आली आणि कपाटावर जाऊन बसली. आमची बोटे चिकलठाण्याच्या एका कारखान्यातील यंत्रांवर तीस वर्षे फिरली; सुरांशी त्यांचा परिचय कधी झाला नाही. वर्षातून एकदा, नाताळच्या साफसफाईत, पेटी खाली उतरे, भाता दोनदा हलविला जाई, एखादी पट्टी दाबली जाई आणि पेटी पुन्हा वर चढे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये नातीला नर्सिंगच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला आणि फीचा प्रश्न उभा राहिला. पेटी विकावी हा विचार प्रथम आमच्याच मनात आला. सौ.ने दोन दिवस काही उत्तर दिले नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मामंजी असते तर त्यांनीही नातीसाठी विकलीच असती." जाणकारांना विचारून अडतीस हजार ही किंमत ठरविली. भाच्याने मोबाइलवर चार छायाचित्रे काढली आणि जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री होते अशा एका ठिकाणी जाहिरात टाकून दिली.

पूर्वी जुनी वस्तू विकायची म्हणजे जाफर गेटचा आठवडी बाजार गाठावा लागे. गिऱ्हाईक समोर उभे राही, वस्तू उलटीपालटी करी, नावे ठेवी, निघून जाण्याचा आव आणी व परत येई. गुरांच्या बाजारात तर उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरत. पण भाव झाकलेला असला तरी माणूस उघडा असे. आता विकणाऱ्याला माणूस दिसतच नाही. त्याचा आवाज तेवढा ऐकू येतो, आणि त्या आवाजावरून आपण माणूस उभा करतो. आम्हीही तेच केले.

जाहिरात टाकून अर्धा तास झाला नसेल, तोच फोन आला. बोलणारा हिंदीत बोलत होता, अतिशय अदबीने. आपण सैन्यात आहोत, नुकतीच आपली बदली तुमच्या छावणीत झाली आहे, तुकडीतील भजनासाठी पेटी हवी आहे, असे त्याने सांगितले. किंमत विचारली आणि एक रुपयाही कमी करा म्हटले नाही. पाठोपाठ गणवेशातील छायाचित्र आणि ओळखपत्र आले. आमच्या शहराला छावणीची सवय आहे. तिथल्या रस्त्याने आम्ही चर्चला जातो, जवानांना पाहतो, त्यांच्याविषयी मनात आदर बाळगतो. त्या आदराचाच त्याने उपयोग करून घेतला. जवान पेटी न बघता कशी घेईल, हा साधा प्रश्न आम्हास सुचला नाही. उलट, 'पाहा, देशाची सेवा करणारी माणसे कशी घासाघीस करीत नाहीत,' असे आम्ही सौ.ला कौतुकाने सांगितले.

पैसे लष्कराच्या हिशेबखात्यातून येणार असून त्याची रीत थोडी वेगळी असते, असे तो म्हणाला. आधी खाते तपासण्यासाठी म्हणून त्याने दहा रुपये पाठविले. ते खरोखर जमा झाले. मग ठिपक्यांचा तो चौकोन, ज्याला क्यूआर कोड म्हणतात, पाठविला. "हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील." फोन त्याने बंद करू दिला नाही, एकेक पायरी सांगत राहिला. आम्ही पिन टाकला. एकोणीस हजार आले नाहीत, एकोणीस हजार गेले. आम्ही घाबरून सांगितले, तेव्हा तोच आमच्याहून अधिक व्याकूळ झाला. "काका, चूक झाली, उलट व्यवहार झाला, हा दुसरा कोड स्कॅन करा, दोन्ही रकमा एकदम परत येतील." आणि वाचकहो, तीस वर्षे मोजमापाचे काम केलेल्या माणसाने दुसऱ्यांदाही पिन टाकला. अडतीस हजार पूर्ण झाले. पेटी घरातच राहिली आणि तिची किंमत मात्र घरातून निघून गेली.

आता शांतपणे पाहता यातील गोम अगदी लहान आहे. यूपीआयची पद्धत आपल्याकडे २०१६ साली आली. तिच्यात पिन म्हणजे आपल्या तिजोरीची किल्ली. किल्ली लागते ती पैसे बाहेर काढताना. कोणी आपल्या तिजोरीत पैसे टाकीत असेल तर आपण किल्ली फिरविण्याचे कारणच नाही. मोबाइलच्या पडद्यावरही 'पैसे द्या' असेच लिहिलेले असते. पण कानात चाललेल्या आवाजापुढे डोळ्यांचे चालत नाही. हे केवळ आमच्यासारख्या वयस्कांचे होते असेही नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या उच्चविद्याविभूषित कन्येने घरचा सोफा असाच विकावयास काढला होता. तिलाही आधी किरकोळ रक्कम आली, मग कोड आला आणि दोन खेपांत तिचे चौतीस हजार गेले. पुढे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर पैशाची मागणी पाठविण्याची सोयच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. एक दार बंद झाले ते बरेच झाले. परंतु कोड आपण होऊन स्कॅन करणाऱ्याचा हात कोणी धरू शकत नाही.

असो. पैसे गेल्याचे दुःख होतेच. पण आम्हास सांगावयाचे आहे ते त्यापुढचे.

आम्ही गप्प राहिलो. सौ.ला त्या रात्री सांगितले आणि तिच्याकडून वचन घेतले की मुलाला, सुनेला, कोणालाही कळू द्यायचे नाही. बँकेत गेलो नाही, पोलिसांत गेलो नाही. लोक काय म्हणतील, मुलगा मोबाइल हातातून काढून घेईल, नात ओशाळेल, अशा नाना शंकांनी आम्ही स्वतःस घरात कोंडून घेतले. रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात शेजारच्या वहिनींनी विचारले, "भावोजी, पेटी गेली का हो?" आम्ही उत्तरलो, "बोलणी चालू आहेत." एवढे खोटे बोलून आम्ही चहाच्या टेबलाकडे वळलो.

या वहिनी घरातून पैठण्या विकतात. पैठणला हातमागावर विणणाऱ्या एका कुटुंबाशी त्यांचा जुना व्यवहार आहे. लुगडे उधारीवर आणायचे, विकले की पैसे पोहोचवायचे. नक्षी साधी असली तरी एका पैठणीला कित्येक आठवडे लागतात, दाट असली तर महिने. तेव्हा त्या उधारीमागे एका घराची चूल असते हे त्या जाणून असतात. आमच्या त्या रविवारनंतरच्या गुरुवारी त्यांना फोन आला. बोलणारा सैन्यात होता. त्याची बदली छावणीत झाली होती. बहिणीच्या लग्नासाठी बावीस हजारांची मोरबांगडी पैठणी त्याला पसंत होती आणि भावाबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. तो मात्र कामावर असल्याने येऊ शकत नव्हता. सामान पोहोचविणारा दुचाकीवाला पाठवीत होता. मुलगा दारात येऊन उभा राहिला, त्याच वेळी वहिनींच्या मोबाइलवर पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आला आणि पाठोपाठ बावीस हजार जमा झाल्याचा संदेशही. त्यांनी पुडके दिले. संध्याकाळी खाते उघडून पाहिले, तर त्यात सकाळचीच शिल्लक होती. संदेश बँकेचा नव्हताच. तो दहा आकडी साध्या मोबाइल क्रमांकावरून आला होता, आणि स्क्रीनशॉट हे तर नुसते चित्र, हवे तसे काढता येणारे. दुचाकीवाला बिचारा भाड्याने आलेला. त्याने सांगितलेल्या चौकात सांगितलेल्या माणसाला पुडके दिले, इतकेच त्याला ठाऊक होते.

रात्री त्यांच्या घरातून रडण्याचा आवाज आला म्हणून आम्ही दोघे गेलो. हकीकत ऐकता ऐकता आमच्या पायांतील बळ गेले. शब्द न शब्द ओळखीचा होता. सौ.ने आमच्याकडे पाहिले, आणि तिने काही बोलण्याआधी आम्हीच सारे सांगून टाकले. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "भावोजी, रविवारी मी विचारलं होतं तुम्हाला."

ते वाक्य आम्हास अडतीस हजारांहून महाग पडले. त्या रविवारी आम्ही खरे बोललो असतो, तर सैन्य, छावणी, घासाघीस नाही, अशी खूण पटताच त्यांनी फोन ठेवून दिला असता. फसविणारा परका होता. पण त्याच्यासाठी दार आमच्या मौनाने उघडे ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन आम्ही सर्व जण निघालो. तेथे कळले की अशा प्रसंगी प्रथम १९३० या क्रमांकावर फोन करावयाचा असतो. २०२१ सालापासून केंद्र शासनाने ही व्यवस्था उभी केली आहे. तक्रार येताच बँकांना सूचना जाते आणि गेलेली रक्कम ज्या खात्यात पोहोचली असेल तेथेच गोठविता येते. परंतु ती तेथे असेल तरच. चोरटे तासा-दोन तासांत पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवितात आणि काढून घेतात. आम्ही आठव्या दिवशी पोहोचलो होतो. आमचे पैसे केव्हाच निघून गेले होते. बँकेतील साहेबांनीही सौजन्याने समजावले की रिझर्व्ह बँकेने २०१७ साली ग्राहकाच्या जबाबदारीविषयी जे नियम घालून दिले, त्यांत दोष ग्राहकाचा नसेल आणि त्याने तीन कामाच्या दिवसांत कळविले तर त्याला संरक्षण आहे. पण पिन ग्राहकाने स्वतःच टाकला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचेच राहते. वहिनींच्या बाबतीत तर गोठवायला पैसेच नव्हते. गेले होते ते लुगडे. आम्ही दोघांनीही रीतसर तक्रारी नोंदविल्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली अशा फसवणुकीला सात वर्षांपर्यंत आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. गुन्हेगार सापडेल तेव्हा सापडेल. पण नोंद नसेल तर शोधही नसतो.

याच सुमारास ओळखीच्या एका वकिलांनी आम्हास एक जुनी गोष्ट सांगितली. मालाच्या विक्रीसंबंधीचा आपला कायदा १९३० सालचा आहे. योगायोग असा की मदतीचा क्रमांकही तोच. त्या कायद्यात ज्याला पूर्ण किंमत मिळालेली नाही अशा विक्रेत्याचा स्वतंत्र विचार केला आहे. उधारीचा करार नसेल आणि माल विक्रेत्याच्या ताब्यात असेल, तर किंमत हाती पडेपर्यंत तो अडवून ठेवण्याचा त्याला हक्क आहे. चेक घेतला आणि तो वटला नाही, तर किंमत मिळाली असे कायदा मानीत नाही. पण काही राखून न ठेवता माल एकदा वाहतूकदाराच्या हवाली केला की तो अडवून ठेवण्याचा हक्क संपतो. म्हणजे विक्रेत्याचे सारे बळ वस्तू त्याच्या उंबरठ्याच्या आत आहे तोवरच. मोबाइल नव्हता तेव्हाही चतुर माणसांनी हे ओळखले होते. टपाल खात्याची व्ही.पी.पी. आठवा. पुस्तकाचे पार्सल पोस्टमन दारात घेऊन येई, पैसे मोजून घेई आणि मगच पार्सल हातात देई. दोघा अनोळखी माणसांमध्ये एक विश्वासू तिसरा उभा असे. आता तो तिसरा माणूस गेला, तर त्याचे काम आपल्यालाच करावे लागणार.

वहिनींनी मग आपली आणखी एक जुनी जखम दाखविली. त्याआधीच्या वर्षी एका ग्राहकाने पूर्ण पैसे भरून पैठणी मागविली, आणि आठ दिवसांनी 'रंग पसंत नाही' म्हणून परत केली. वहिनींनी भलेपणाने पैसे फिरविले. पुडके उघडले तर आत यंत्रमागावरची नकली पैठणी होती. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा केला तरी नक्षी तशीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या लुगड्याच्या उलट्या बाजूस बहुधा सुटे धागे लोंबतात. त्यांनी ते क्षणात ओळखले, पण पटवून देणार कोणाला? पाठविले ते कोणते लुगडे होते, याचा पुरावाच त्यांच्याकडे नव्हता. ग्राहकाच्या हक्कांसाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे आणि तो असावाच. घरबसल्या चार वस्तू विकणाऱ्या बाईला मात्र आपला पुरावा आपणच जपावा लागतो.

तेव्हापासून वहिनींच्या घराची रीत बदलली आहे. लुगडे पाठविण्याआधी पदराच्या दोन्ही बाजू, काठावरची बारीकशी खूण आणि सिल्क मार्कच्या चिठ्ठीवरील क्रमांक यांचे चित्रण होते. घडी घालण्यापासून पुडक्याला चिकटपट्टी लावण्यापर्यंतचा व्हिडिओ मध्ये न थांबविता घेतला जातो आणि पुडक्याचे वजन पावतीवर लिहून घेतात. परत आलेले पुडकेही असेच व्हिडिओ चालू ठेवून उघडतात. पैसे फिरवायचे ते त्यानंतर. पैसे आले की नाही हे समोरच्याच्या पडद्यावर किंवा आलेल्या संदेशात पाहायचे नाही, स्वतःच्या खात्याची नोंद उघडून पाहायचे. मुकुंदवाडीच्या बाजारातील भाजीवालीसुद्धा हेच करते. गिऱ्हाइकाने दाखविलेल्या मोबाइलकडे ती बघतही नाही. तिच्या टोपलीशेजारचा डबा 'रुपये प्राप्त झाले' असे बोलला की मगच पिशवी पुढे करते. चुकून जास्त पैसे आले, परत पाठवा, असे कोणी म्हटले तर वहिनी प्रथम खाते पाहतात आणि शंका आली तर बँकेला विचारतात. मौल्यवान वस्तू असेल तर गिऱ्हाइकाने यावे, बघावे, चार माणसांसमोर घ्यावी. जो घाई करतो, फोन ठेवू देत नाही, वस्तू न पाहता भाव मान्य करतो, त्याला त्या सरळ नकार देतात. एखादे खरे गिऱ्हाईक त्यामुळे जातही असेल. पैठणच्या त्या कुटुंबाचे बावीस हजार त्यांनी सहा महिने हप्त्याने फेडले. त्यातील काही हप्त्यांत आम्हीही वाटा उचलला. वहिनी घेईनात, तेव्हा सौ.ने त्यांना सांगितले, "हे उपकार नाहीत, आमच्या न बोलण्याची भरपाई आहे."

नातीची फी मुलाने पतपेढीतून कर्ज काढून भरली. सारा प्रकार तिला कळला तेव्हा ती ओशाळली नाही की रागावली नाही. तिने आमचा मोबाइलही काढून घेतला नाही. फक्त त्याच्या मागे एक कागद चिकटविला. त्यावर तिच्या अक्षरात दोन ओळी आहेत : 'पैसे घ्यायला पिन लागत नाही. १९३०.'

आणि पेटी? ती त्या वर्षीच्या नाताळानंतर विकली गेली. सिडकोतील एक तरुण संगीतशिक्षक स्वतः आले. त्यांनी पेटी खाली घेतली, भाता तपासला, एकेक पट्टी दाबून पाहिली, दोन सूर उतरले आहेत असे सांगितले आणि दोन हजार कमी करा म्हणून चांगली अर्धा तास घासाघीस केली. ती घासाघीस आमच्या कानांना किती गोड लागली म्हणून सांगावे! शेवटी छत्तीस हजारांवर व्यवहार ठरला. त्यांनी पैसे पाठविले आणि मोबाइल पुढे केला. आम्ही संकोचलो. समोर बसलेल्या सज्जनाला 'जरा थांबा, खाते पाहू द्या' असे कसे म्हणावे? तेवढ्यात तेच म्हणाले, "काका, आधी तुमच्या खात्यात बघून घ्या, मग मी पेटी उचलतो. मला घाई नाही."

खात्यात नोंद दिसेपर्यंत तीन-चार मिनिटे गेली असतील. तेवढ्या वेळात ते पेटीशी बसले आणि हलकेच वाजवू लागले. वडील गेल्यानंतर त्या घरात पेटी प्रथमच खऱ्या अर्थाने वाजत होती. सूर ऐकून शेजारच्या वहिनी दारात आल्या. "भावोजी, पेटी गेली का?" त्यांनी विचारले.

या वेळी आम्ही खरे ते सांगितले.